नव्या उद्योगासाठी पहिली तीन माणसे कशी निवडावीत?

नवउद्योगी

नमस्कार.

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपमध्ये दोन-चार सीएनसी (संगणकाच्या नियंत्रणाखाली धातू कापणारी) यंत्रे असतात; परंतु त्यांपैकी कोणते यंत्र दिवसभरात प्रत्यक्ष किती वेळ धातू कापत होते आणि किती वेळ नुसतेच चालू स्थितीत उभे होते, याची नोंद मालकाकडे सहसा नसते. ती नोंद घेऊन मालकाला फोनवर दाखवणारे एक लहान उपकरण मी आणि माझ्या एका भागीदाराने तयार केले आहे. काही ठिकाणी ते बसवून झाले, पैसे देणारी गिऱ्हाइके मिळू लागली आणि आता दोघांच्या हातून काम उरकेनासे झाले आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि कार्यालय भोसरीतल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहे. तीन जणांचे साधारण वर्षभराचे पगार देता येतील एवढी तजवीज केलेली आहे. त्यापुढचे पैसे गिऱ्हाइकांकडूनच यायला हवेत.

आमच्या मनात तीन जागा आहेत. एक इलेक्ट्रॉनिक्स आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतली आज्ञावली) सांभाळणारा इंजिनिअर, एक विक्री करणारा आणि एक उपकरण बसवून देणारा व बिघाड काढणारा. माझे प्रश्न असे की, माणसे अनुभवी घ्यावीत की नवखी, ओळखीतून घ्यावीत की जाहिरात देऊन, आणि हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांइतका पगार देणे शक्य नसताना चांगल्या माणसाने आमच्याकडे का यावे? ज्यांनी स्वतः माणसे नेमली आहेत, किंवा अशा छोट्या कंपनीत सुरुवातीच्या काळात नोकरी केली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

लेथमास्तर

आपल्या तीन जागांपैकी विक्रीची जागा मी आजच काढून टाकीन. भोसरीतला वर्कशॉपमालक पहिली काही वर्षे वस्तू विकत घेत नाही, वस्तू करणाऱ्याला पारखून घेतो. 'उद्या हे बंद पडले तर तुम्ही स्वतः याल ना?' हा त्याचा खरा प्रश्न असतो आणि पगारी विक्रेत्याच्या तोंडून आलेल्या होकाराला त्याच्या लेखी किंमत नसते. शिवाय गिऱ्हाईक नाही का म्हणाले, हे मालकाने स्वतःच्या कानांनी ऐकले तरच उपकरणात सुधारणा होते. विक्रेता परत येऊन 'साहेब, त्यांना महाग वाटते' एवढेच सांगतो, कारण ते सांगणे सर्वांत सोपे असते.

पहिली जागा बसवणी आणि दुरुस्ती करणाऱ्याची. हा माणूस गिऱ्हाइकाच्या दारात आपल्यापेक्षा जास्त वेळा उभा राहणार आहे. एक गोष्ट मुलाखतीतच सांगून टाका. एमआयडीसीतली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे यंत्रे गुरुवारी थांबलेली असतात आणि आपले बसवणीचे काम नेमके त्याच दिवशी निघते. पॅनेल उघडायला चालू पाळीत यंत्र थांबवू देणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. ज्याला गुरुवारी काम आणि दुसऱ्या वारी सुट्टी हे घरच्या अडचणींमुळे जमणार नाही, तो कितीही हुशार असला तरी आपल्या उपयोगाचा नाही, आणि हे त्याला नोकरी धरल्यावर समजले तर दोघांचेही नुकसान होईल.

कर्वेरस्ता

कार्यालय पोटमाळ्यावर असल्यास उमेदवाराची उंची हा पहिला निकष ठेवावा लागेल, असे माझे नम्र मत आहे.

मृण्मयी

मी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक होते, म्हणून टेबलाच्या पलीकडल्या बाजूने लिहिते.

मोठ्या कंपनीतला पगार सोडून मी तिथे गेले ते ध्येयवाद म्हणून नव्हे. आधीच्या ठिकाणी माझ्या वाट्याला एका मोठ्या प्रणालीतला नखाएवढा तुकडा आला होता, आणि तो काम करतो की नाही हेही मला दुसऱ्या विभागाकडून कळायचे. इथे आपण केलेली वस्तू वापरणारा माणूस समोर दिसणार होता. पगार कमी असूनही माणसे येतात ती अशा कारणांनी. पण कारण प्रत्येकाचे वेगळे असते. कोणाला सकाळचा हिंजवडीचा प्रवास चुकवायचा असतो, कोणाला पुढे स्वतःचा उद्योग काढायचा असतो, तर कोणाला मोठ्या कंपन्यांनी दारातच उभे केलेले नसते. उमेदवार आपल्याकडे नेमका का येतो आहे, हे त्याला विचारावे आणि उत्तर पटेपर्यंत विचारावे.

मी ती नोकरी सोडली त्याचे कारण पगार नव्हते. मला चाचणीच्या कामासाठी घेतले होते. प्रत्यक्षात थकलेल्या बिलांसाठी गिऱ्हाइकांना फोन करण्यात माझे दिवस जाऊ लागले. छोट्या कंपनीत पडेल ते काम करावे लागते, हे मला मान्य आहे. परंतु 'पडेल ते' यात काय काय येते, ते निदान अर्ध्या पानावर आधी लिहून द्यायला हवे होते. तसेच वर्षभराच्या पगाराची तजवीज आहे, हे आपण इथे जितक्या मोकळेपणाने लिहिले तितक्याच मोकळेपणाने उमेदवारालाही सांगावे. घरकर्जाचा हप्ता असलेल्या माणसाला ती माहिती मिळण्याचा हक्क आहे. ती ऐकून जो परत जाईल, तो सहाव्या महिन्यात जाण्यापेक्षा आत्ता गेलेला बरा.

चिकित्सक

पारख कशी करावी, या प्रश्नावर संशोधन भरपूर झालेले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांचे संशोधन एकत्र करून, निवडीच्या कोणत्या पद्धतीवरून पुढील कामगिरीचा अंदाज बरा येतो, याची तुलना केली होती. कामाचा प्रत्यक्ष नमुना करवून घेणे आणि सर्वांना तेच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारून घेतलेली मुलाखत या पद्धती त्यात वरच्या बाजूला होत्या. मोकळ्या गप्पांची मुलाखत बरीच खाली होती आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून फारच थोडे कळत होते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही गणिते पुन्हा तपासली तेव्हा बहुतेक आकडे खाली आले. पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली आणि अनुभवाची वर्षे तळाजवळच राहिली.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच घ्यायचा की, दोघा भागीदारांनी आधी बसून सहा-सात प्रश्न लिहून काढावेत, ते प्रत्येकाला त्याच क्रमाने विचारावेत, आणि एकमेकांशी बोलण्यापूर्वी आपापले गुण कागदावर मांडावेत. बोलून मग गुण दिले की दोघांपैकी ज्याचा आवाज मोठा त्याचे मत दोघांचे होते. 'समजा अशी अडचण आली तर काय कराल?' असे न विचारता 'अशी अडचण आली होती तेव्हा काय केलेत?' असे विचारावे. घडलेल्या प्रसंगाचे तपशील खोदून विचारता येतात. कल्पनेतल्या प्रसंगात प्रत्येक जण आदर्श वागतो.

अर्धविराम

चिकित्सक यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु कामाच्या नमुन्याच्या नावाखाली पुण्यात काय चालते, तेही लिहायला हवे. माझ्या भावाला एका कंपनीने शनिवार-रविवार बसवून एक पूर्ण मॉड्यूल लिहायला लावले, नंतर उत्तर दिले नाही, आणि काही महिन्यांनी तीच रचना त्यांच्या संकेतस्थळावर दिसली. तेव्हा नमुना म्हणून दिलेले काम आपल्या चालू कामाचा भाग असू नये, ते दोन-तीन तासांत संपावे, आणि त्याहून मोठे असल्यास त्याचे पैसे द्यावेत. न निवडलेल्यांनाही तसे कळवावे. एवढे केलेत तरी गावात आपले नाव चांगले होईल, कारण हे कोणीच करत नाही.

लेथमास्तर

अर्धविराम यांच्याशी सहमत आहे. बसवणीच्या माणसासाठी मी एक परीक्षा सुचवतो. तिला अर्धा दिवस पुरतो आणि त्या अर्ध्या दिवसाची हजेरी रोख द्यावी.

आपल्या गाळ्यात एक जुने पॅनेल आणून ठेवा, त्यात आपले उपकरण बसवा आणि सेन्सरच्या तारेचे शिल्डिंग (तारेवरचे धातूचे संरक्षक आवरण) मुद्दाम दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडून ठेवा, म्हणजे आकडे उगाचच उड्या मारू लागतील. उमेदवाराला एवढेच सांगा की गिऱ्हाईक तक्रार करते आहे, बघा. अट एकच, पॅनेलला वीजपुरवठा आहे हे गृहीत धरायचे. मग गप्प बसून पाहा. पॅनेल उघडण्यापूर्वी तो मेन बंद करतो का, बंद केल्यावरही टेस्टर लावून खात्री करतो का, तार ओढण्याआधी ती कुठे जाते हे पाहतो का, आणि काढलेले स्क्रू कुठे ठेवतो. दोष सापडला नाही तरी चालेल, तो शिकवता येतो. मेन बंद न करता हात घालणाऱ्याला मात्र मी चहा पाजून परत पाठवीन, मग त्याचा अनुभव दहा वर्षांचा का असेना.

त्यानंतर दुसरा भाग. तक्रार काय होती आणि आपण काय केले, ते ऑपरेटरला समजेल असे सांगायला लावा. आपल्याकडच्या यंत्रांवर निम्मी मुले बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली असतात. त्यांच्याशी हिंदीत धीराने बोलणारा, त्यांना कमी न लेखणारा माणूस असेल तर ती मुले उपकरणाची तार गुपचूप काढून ठेवणार नाहीत. यंत्र किती वेळ रिकामे उभे होते, हे मालकाला सांगणारी वस्तू आपण बसवत आहात, हे विसरू नका.

नवउद्योगी

तार काढून ठेवण्याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे, त्यामुळे शेवटचे वाक्य विशेष पटले. परीक्षेची कल्पना उत्तम आहे आणि जुने पॅनेलही उपलब्ध आहे.

खडूस

एवढा सगळा सोपस्कार करून माणूस घ्यायचा, त्याला वर्षभर शिकवायचे, आणि शिकून तयार झाला की दोन पैसे जास्त मिळतात म्हणून तो चाकणच्या मोठ्या कारखान्यात जाणार. आमच्याकडे हेच होत आले आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांचा बाँड लिहून घ्या, मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवा आणि सोडल्यावर स्पर्धकाकडे जाणार नाही असे कलम नेमणूकपत्रात घाला. भिडस्तपणाने उद्योग चालत नाहीत.

ताळेबंद

खडूस यांच्या तीन सूचनांपैकी एकही जशीच्या तशी अमलात आणू नये, असे मी व्यावसायिक म्हणून सांगेन.

नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाण्यास मनाई करणारे कलम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली रद्दबातल ठरते. गोपनीय माहिती वापरू नये आणि संगणकीय आज्ञावली सोबत नेऊ नये, असे कलम मात्र घालता येते व घालावे. बाँडची गोष्ट वेगळी आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण ती सार्वजनिक बँक होती, भरतीप्रक्रियेचा तिचा खर्च मोठा होता आणि नोकरीच्या काळातल्या बंधनाचा तो प्रश्न होता. पोटमाळ्यावरच्या कंपनीने प्रशिक्षणावर प्रत्यक्ष काही खर्च केला नसताना मोठी रक्कम लिहून घेतली, तर ती वसूल करता येईल अशा भ्रमात राहू नये. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे तर सरळसरळ चुकीचे आहे.

आता धागाकर्त्यांसाठी थोडे हिशेबाचे. कंपनी नव्याने नोंदवताना त्याच अर्जातून भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराचे क्रमांक मिळतात. क्रमांक मिळाला म्हणून वर्गणी लगेच सुरू होते असे नाही. भविष्यनिर्वाह निधी २० कर्मचाऱ्यांपासून आणि ईएसआय १० पासून बंधनकारक आहे, आणि ईएसआयची पगारमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. व्यवसाय कर मात्र पहिल्या कर्मचाऱ्यापासून कापावा लागतो. पुरुषाचा पगार दरमहा १०,००० रुपयांच्या वर असेल तर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००; स्त्री कर्मचाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत तो लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार नेमणूकपत्र देणे आवश्यक आहे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा, आणि माणूस सोडून गेला किंवा काढला, तर त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. कर्मचाऱ्याला कागदोपत्री सल्लागार दाखवून यातून पळवाट काढण्याची टूम स्टार्टअप मंडळींत फार आहे. रोज ठरल्या वेळी येणारा आणि आपल्याच हुकमाने काम करणारा माणूस नाव बदलल्याने सल्लागार होत नाही, हे त्यांना पहिल्या तंट्याच्या वेळी कळते.

खडूस

म्हणजे कायदा सगळा त्यांच्या बाजूने. ठीक आहे. आम्ही आपले शिकवत राहू आणि चाकणवाले नेत राहतील.

मृण्मयी

खडूस, आपल्याकडून माणसे नेमकी कोणत्या महिन्यात जातात, ते एकदा पाहावे. पगारवाढीचा विषय निघून मग थंडावला, त्यानंतरच जात असतील, तर बाँडने ती थांबणार नाहीत. लहान कंपनीत वाढ फार देता येत नसली तरी ती केव्हा आणि कशावरून ठरेल, हे नेमतानाच सांगता येते.

सहकारनगर

ओळखीतून घ्यावे की जाहिरातीतून, या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो.

पुण्यात बहुतेक लहान उद्योगांची पहिली माणसे ओळखीतूनच येतात आणि त्यात गैर काही नाही. ओळखीच्या माणसाच्या सचोटीविषयी निदान कोणाला तरी विचारता येते. परंतु 'ओळखीचा' आणि 'नात्यातला' यांत मी फरक करतो. ओळखीच्या माणसाला काम जमत नाही असे तोंडावर सांगता येते. बायकोच्या मावसभावाला ते सांगायचे तर आधी सासुरवाडीची परवानगी काढावी लागते. नातेवाईक घेऊच नये असे म्हणत नाही, पण 'याला काढायची वेळ आली तर मी काढू शकेन का?' याचे उत्तर त्याला नेमण्यापूर्वी स्वतःला द्यावे.

दुसरा धोका असा की ओळखीतून माणसे घेत गेले की सगळी एकाच महाविद्यालयातली, एकाच पेठेतली, बऱ्याचदा एकाच जातीतली निघतात, आणि कंपनीला ते जाणवतही नाही. मग सगळ्यांना एकच विनोद कळतात आणि सगळे एकाच ठिकाणी चुकतात. तीन माणसांत हे खपून जाते, तिसाव्या माणसापर्यंत ती कंपनीची रीत झालेली असते. म्हणून ओळखीतून आलेला असो वा जाहिरातीतून, प्रश्न तेच आणि परीक्षा तीच ठेवावी.

चौकशीबद्दल एक सूचना. उमेदवाराच्या सध्याच्या साहेबाला कधीही फोन करू नये. त्याची आहे ती नोकरी जाईल. पूर्वीच्या ठिकाणचे लोक विचारावेत आणि साहेबापेक्षा बरोबरीने किंवा हाताखाली काम केलेल्यांना विचारावे.

नवउद्योगी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभार. इंजिनिअरच्या जागेबद्दल दोन अडचणी आहेत. चांगले उमेदवार मोठ्या कंपन्यांत असून त्यांचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो. त्या काळात त्यांना दुसरीकडून जास्त पगाराचे पत्र मिळते आणि ठरलेल्या सोमवारी ते येतच नाहीत. आमच्या बाबतीत असे घडून गेले आहे. दुसरे म्हणजे, पगाराची तूट भरून काढण्यासाठी त्यांना कंपनीचे शेअर द्यावेत का?

शुभांगी_त

९० दिवसांची अडचण टाळण्याचा एक मार्ग असा की, ज्यांना नोटीस पिरियडच नाही अशा उमेदवारांकडे पाहावे. मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे थांबलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अनुभवी इंजिनिअर स्त्रिया पुण्यात ठायी ठायी आहेत. मी त्यांच्यापैकीच एक आहे. थांबण्यापूर्वी मी मोटारींच्या सुट्या भागांसाठी फर्मवेअर लिहीत असे. परत नोकरी शोधू लागले तेव्हा बहुतेक ठिकाणी अर्जातली मधली रिकामी वर्षे पाहूनच अर्ज बाजूला पडला. शेवटी एका लहान कंपनीने सर्किट समोर ठेवून प्रश्न विचारले आणि घेतले.

आपल्या फर्मवेअरच्या कामाला रोज पोटमाळ्यावर हजर राहण्याची गरज कितपत आहे, याचा विचार करावा. यंत्राशेजारी बसून करायचे काम वेगळे काढून, उरलेले घरून आणि ठरल्या तासांत करता येत असेल, तर आपल्याला आवाक्यातल्या पैशांत बराच वरचा अनुभव मिळेल.

खडूस

म्हणजे कमी पगारात अनुभवी माणूस मिळवण्याची ही युक्ती झाली.

शुभांगी_त

नाही. तास कमी, म्हणून पगार कमी. ताशी दर बाजारातलाच असावा. ताशी दरही पाडून देणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत, आणि आपल्या भाषेत सांगायचे तर तिथली माणसेही चाकणवाले नेतात.

कर्वेरस्ता

खडूस यांना या धाग्यावर प्रथमच बरोबरीचे उत्तर मिळाले आहे, याची नोंद घेण्यात यावी.

ताळेबंद

शेअरच्या प्रश्नाबद्दल. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्याने कर्मचाऱ्यांना ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे कंपनीचे शेअर घेण्याचे पर्याय, देता येतात. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असती तर हा मार्गच नसता. कायद्याप्रमाणे पर्याय दिल्याची तारीख आणि तो हक्क पक्का होण्याची तारीख यांत किमान एक वर्षाचे अंतर लागते. एकूण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क द्यावा अशी प्रथा आहे. यासाठी भागधारकांचा ठराव लागतो, म्हणजे 'तुला दोन टक्के देऊ' असे चहा पिताना सांगून भागत नाही. आणि तसे सांगितलेले नंतर नाकारले की जी कटुता येते ती पगार थकल्यापेक्षा वाईट असते.

करही समजावून सांगा. कर्मचारी जेव्हा पर्याय वापरून शेअर घेतो, तेव्हा त्या दिवसाची रास्त किंमत आणि त्याने भरलेली किंमत यांतला फरक त्याच्या पगारी उत्पन्नात धरला जातो. शेअर विकून हातात पैसा आलेला नसतानाच कर भरण्याची वेळ येते. हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे. परंतु त्यासाठी स्टार्टअप म्हणून नुसती मान्यता पुरत नाही, प्राप्तिकर सवलतीसाठीचे वेगळे प्रमाणपत्र लागते.

माझे मत विचाराल तर पहिल्या इंजिनिअरला ईसॉप जरूर द्यावेत, पण पगाराला पर्याय म्हणून नव्हे. त्याच्या घरचा किराणा शेअरवर येत नाही. पगार तो जगू शकेल एवढा असावा आणि शेअर त्यावर असावेत.

अर्धविराम

९० दिवसांबद्दल थोडे. पत्र देऊन तीन महिने गप्प बसलेल्या कंपनीला उमेदवार विसरला, तर दोष त्याचा एकट्याचा नाही. या काळात त्याला महिन्यातून एखाद्या गुरुवारी गिऱ्हाइकाकडे सोबत न्यावे, अर्थात त्याच्या सध्याच्या नोकरीच्या अटी सांभाळून आणि नुसते पाहायला, काम करून घ्यायला नव्हे. ज्याने आपले उपकरण वापरणारे चार लोक पाहिले आहेत, तो निदान येणार नसल्याचे आधी कळवेल. शिवाय नोटीस पिरियड अर्धा संपलेले उमेदवार नोकरीच्या संकेतस्थळांवर वेगळे निवडून पाहता येतात.

नवउद्योगी

आम्ही दोघांनी बसून विचार केला. विक्रीची जागा रद्द केली आहे. ते काम वर्षभर माझ्याकडे राहील. बसवणी आणि दुरुस्तीसाठी एकाऐवजी दोन माणसे घेत आहोत, म्हणजे एक आजारी पडला तर गिऱ्हाईक अडणार नाही. इंजिनिअरच्या जागेसाठी पूर्ण वेळ आणि अर्धवेळ असे दोन्ही पर्याय ठेवून जाहिरात देत आहोत, आणि अर्धवेळात योग्य व्यक्ती मिळाल्यास उरलेले पैसे पगाराच्या तजविजीत जमा राहतील.

आता प्रश्न एवढाच की, बसवणीची माणसे शोधायची कुठे? आमच्या एका गिऱ्हाइकाकडचा सेटर (यंत्रावर काम लावून देणारा कारागीर) फार तयारीचा आहे आणि त्याने आडून विचारणाही केली आहे. शिवाय शिकाऊ उमेदवारांच्या योजनेत सरकार विद्यावेतनाचा काही भाग देते, असे ऐकले. ते आम्हाला लागू होईल का?

लेथमास्तर

गिऱ्हाइकाचा सेटर घेऊ नका. त्याने स्वतः विचारले असले तरी त्याच्या मालकाशी आधी उघड बोलल्याशिवाय त्याला होकार देऊ नका. एका वर्कशॉपचा सेटर नेलात ही बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या गल्लीत पोचेल आणि मग आपल्या माणसांना पॅनेलजवळ कोणी उभे करणार नाही.

औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिशियनच्या निदेशकांना भेटा. गुणपत्रिका मागू नका. वर्गातला कोणता मुलगा किंवा मुलगी बिघडलेले उपकरण सोडवत बसते, ते विचारा. निदेशकांना ते बरोबर ठाऊक असते. दोघांपैकी एक आयटीआयचा नवखा आणि एक यंत्रदुरुस्तीत काही वर्षे काढलेला, अशी जोडी लावलीत तर पहिला दुसऱ्याकडून शिकेल.

ताळेबंद

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. परंतु शिकाऊ उमेदवार घेण्यासाठी आस्थापनेत किमान चार माणसे लागतात. ४ ते २९ माणसांना ते ऐच्छिक आहे आणि ३० पासून बंधनकारक. तेव्हा तिघांची नेमणूक झाल्यावर आपली संख्या कशी मोजली जाते, ते पाहून पुढे जा. आत्ता त्यावर विसंबून पगाराचे गणित मांडू नका.

अर्धविराम

एक राहिले. जाहिरातीत पगाराचा आकडा लिहिणार आहात का? 'पगार पात्रतेनुसार' असे वाचले की मी पुढे वाचत नाही.

नवउद्योगी

किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे लिहिणार आहोत. गुरुवारचे काम, मंगळवारची सुट्टी आणि वर्षभराच्या तजविजीची गोष्टही लिहिणार आहोत. मसुदा उद्या याच धाग्यावर टाकतो, सर्वांनी निर्दयपणे तपासावा.

खडूस

टाका. आकडे उघड लिहिलेत तर माझ्याकडचीच दोन मुले अर्ज करतील अशी भीती आहे; पण मसुदा तपासून देईन.